खरड छाटणी

"आज सगळंच कापणार हायस का काय?" मी विचारलं.

माझ्या बायकोनं, शालननं, वर पाहिलं नाही. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि माशांच्या काचेच्या टाकीतल्या झाडांवर माझी जुनी कात्री चालत होती. कापलेले शेंडे वर येऊन तरंगत होते, काही हिरवे, काही लालसर. एरवी मूठ-दोन मूठ कापून ती थांबायची. त्या सोमवारी शेंड्यांनी पाणी झाकून गेलं होतं.

"बोल की."

"बघताय न्हवं? मग इचारताय कशाला?"

सोमवारी आमचं सलून बंद असतं. विट्यात मायणी रोडला दोन खुर्च्यांचं दुकान, माझ्या वडलांनी एका खुर्चीवर सुरू केलेलं. सोमवारी शटर अर्धं वर करून शालन आत शिरायची आणि मी झाडलोट, वस्तऱ्याची पाती, टॉवेल असली मागची कामं उरकायचो. टाकी मात्र तिची. त्या टाकीला हात लावायची मला परवानगी नव्हती आणि हौसही नव्हती.

खरं म्हणजे ती टाकी आणली मीच. एका बँकेतल्या साहेबांची बदली झाली, त्यांनी जाताना ती मला दिली. थांबलेलं गिऱ्हाईक मासे बघत बसेल, घड्याळ बघणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. मी तळाला वाळू घातली आणि प्लॅस्टिकची झाडं रोवली. शालन एकदा डबा घेऊन आली, पाच मिनिटं टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माशांनी काय पाप केलंय?" पुढच्या आठवड्यात तिनं सांगलीहून जिवंत झाडं आणली. दुकानदारानं सांगितलेली इंग्रजी नावं तिनं एसटीतच सोडून दिली असावीत. बारीक झुलपांची होती ती झिपरी, लालसर पानांची ती लाली, आणि गोल बारीक पानांची ती मेथी.

ती तासगावकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. कात्री कशी धरायची हे तिला मी शिकवलं, पण कुठं लावायची हे ती माहेरूनच शिकून आली होती. "पेराच्या जरा वर कापायचं," ती गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवायची. "एक शेंडा गेला की त्या पेरातनं दोन फुटवे येत्यात. दोनाचे परत चार. न्हाई कापलं तर नुसतं वर पळतंय, आणि खाली सावली पडून सगळी पानं कुजत्यात." कापलेले शेंडेही ती टाकायची नाही. खालची पानं खुडून, चिमट्यानं वाळूत परत रोवायची, म्हणजे झुडूप आणखी दाट. आणि कापायची ती नेहमी अर्धीच टाकी. एका सोमवारी डावी बाजू, पंधरा दिवसांनी उजवी. दुकान कधी ओकंबोकं दिसायचं नाही आणि माशांना लपायला जागा राहायची. मागची झाडं उंच, पुढची बुटकी, मधून वाळूची एक निमुळती वाट. मी तिला म्हणायचो, "भांग चांगला पाडलास. दुसऱ्या खुर्चीवर उभी राहा, पगार देतो."

"पगार तुमी मला देणार? गल्ल्याची किल्ली कुणाकडं हाय?"

असं आमचं चालायचं. लोकांना वाटायचं भांडण, पण आमच्या घरातलं बोलणंच तसं होतं.

त्या सोमवारी मात्र मला खरोखर राग आला होता. गणपती नुकते गेले होते, पुढं दसरा-दिवाळीचा धंदा. त्या आठवड्यात शालनला मिरजेला न्यायचं होतं. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर मला म्हणाले होते की दहा-बारा दिवस दवाखान्यात राहावं लागेल, मग घरी. मी तेवढेच दिवस धरून चाललो होतो. आणि ही बाई जायच्या तोंडावर टाकी भादरत बसली होती. तीही अशी की वाळूच्या वर दोन बोटं बुडखा तेवढा उरला. मासे बावरून एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

"अगं, टक्कल केलंस पार. पेठेतला कुठलाबी न्हावी असं करायचा न्हाई."

"वाढतंय की. केसच म्हणायचे तेबी."

"आणि गिऱ्हाइकानं काय बुडखे बघायचे?"

"तुमचं तोंड बघतील. इतकी वर्सं कोण काय म्हणालं का?"

तिनं जाळीनं शेंडे गोळा केले आणि बादलीत टाकले. मी वाट बघत होतो की आता ती पाट घेऊन बसेल, पानं खुडेल, परत रोवेल. ती हात पुसत उठली.

"हे रोवायचे न्हाईत?"

"न्हाई. लई दाट झालंया. शाळेतल्या पोरास्नी देऊन टाका, ज्याला पायजे त्याला."

"हे काय नवीनच?"

"आमचे आण्णा एप्रिलात बाग अशीच खरडून काढायचे. खरड छाटणी म्हंत्यात तिला. लोकास्नी वाटायचं, म्हाताऱ्यानं येल मारून टाकला."

"आणि मग?"

"मग काय? येतंय की. जरा दमानं येतंय."

मी तरीही धुसफुसत होतो. तेव्हा तिनं ओला हात माझ्या दंडावर ठेवला. असं ती दुकानात कधी करायची नाही. म्हणाली, "मी घरी येईन तवर भरंल. आता गप बसा." मग जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या. टाकीचा दिवा दुपारचे तीन-चार तासच लावायचा, जास्त नाही, नाहीतर मोकळ्या पाण्यात शेवाळ धरतं. आणि खाणं चिमूटभर. मी हो म्हटलं. बादली उचलून तीच बाहेर गेली. मी उचलायला हवी होती, पण रागात माझ्या ध्यानात आलं नाही.

खरं तर महिनाभर आधी तिनं मला ते काम शिकवायचा घाट घातला होता. "एकदा बघून तर ठेवा," म्हणाली. "हात तुमचा बसलेला हाय, दोन दिवसात यील."

"दिवसभर डोकी भादरतो. आता गवतपण भादरू?"

"मी नसल्यावर कोण करंल?"

"तू कुठं चाललीस? माहेरी गेलीस तर आठ दिवसात परत येतीस. तुला भावजयीचं पटतंय कुठं?"

ती हसली होती. विषय तिथं संपला.

माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. चांगला कारागीर खुर्चीवरच्या माणसाला आधी एकच विचारतो, परत कधी येणार? केस आज कसे दिसतात हे कुणालाही कळतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्याला नुसता हात फिरवायचा, कल्ले आणि मान साफ करायची. महिन्यानं येणाऱ्याचं थोडं जास्त काढायचं. आमचा संपत फौजी सुट्टी संपवून निघाला की विचारायचीसुद्धा गरज नसायची, थेट बारीक. कात्री किती आत घालायची हे माणूस किती दिवस लांब राहणार यावर ठरतं. माझ्या वडलांनी मला हे वस्तरा हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या माझ्यासमोर ती टाकी होती.

मिरजेला ऑपरेशन झालं. आमची मुलगी उज्ज्वला कराडहून येऊन आईजवळ राहिली. मी एक दिवसाआड विट्याला यायचो, दुकान उघडायचो, दुपारी टाकीचा दिवा लावायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत मिरज. शालन उशाला टेकून बसलेली असायची. चेहरा उतरला होता पण डोळे तेच. तिचा पहिला प्रश्न दुकानाचा नसायचा, माझ्या जेवणाचाही नसायचा.

"टाकी बघितली?"

"बघितली."

"फुटवा आला का?"

"एकेका बुडख्याला दोन-दोन ठिपके दिसत्यात. पानं म्हणावी तर पानं न्हाईत."

"एवढंच?"

"एवढंच. तू म्हणालीस भरंल."

"बरोबर हाय," ती म्हणायची आणि डोळे मिटायची. मला वाटायचं ती थकली आहे.

एकदा तिनं उज्ज्वलाला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवून माझा हात उलटासुलटा करून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी कात्रीनं पडलेला घट्टा तिनं चाचपला. "चांगला हात हाय," म्हणाली. मी म्हटलं, "आता कळलं?" त्यानंतर दोन दिवसांत ताप चढला, रक्तात विष पसरलं म्हणाले, आणि मग सगळं फार घाईनं झालं. मी शेवटच्या वेळी तिथंच होतो, तेवढं एक बरं. तिला बोलता येत नव्हतं.

न्हाव्याच्या घरात मयत झाली की एक अडचण असते. गावातल्या सगळ्यांच्या दहाव्याला डोकं करायला आम्ही जायचं, आमचं कोण करणार? माझ्या चुलतभावानं केलं. नदीकाठी त्याच्यापुढं मान खाली घालून बसलो होतो. इतकी वर्षं मी लोकांच्या मानेवर हात ठेवून म्हणत आलो, जरा खाली घ्या. त्या दिवशी ते मला कुणीतरी म्हणालं. मला तिथं पहिल्यांदा रडू आलं, आणि भाऊ वस्तरा हातात धरून थांबून राहिला.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं. माझ्या डोक्यावर बोटभर केस नव्हते आणि टाकीतही तीच गत. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं, टाकीकडं बघायचं आणि पेपर उचलायचं. मी दुपारी दिवा लावायचो, तीन-चार तासांनी बंद करायचो, चिमूटभर खाणं टाकायचो. पाणी बदलायचो. कात्री मात्र टाकीच्या मागं खिळ्याला तिनं अडकवून ठेवली होती तशीच राहिली.

आणि मला राग यायचा. हे आता सांगताना विचित्र वाटतं, पण खरं आहे. देवाचा नाही, डॉक्टरचा नाही, मला त्या टाकीचा राग यायचा. मी घरी येईन तवर भरंल, असं ती म्हणाली होती. शालननं सांगितलेली गोष्ट कधी खोटी निघाली नव्हती. दूध उतू जाईल म्हटली तर जायचं. अमका माणूस पैसे बुडवणार म्हटली तर तो बुडवायचाच. ही एकच गोष्ट खोटी निघाली. ती आली नाही आणि टाकीही भरली नाही. दिवाळीच्या गर्दीत दुकानात उभं राहायला जागा नव्हती आणि टाकीत झाडं माझ्या करंगळीएवढी. दसऱ्याच्या सुकलेल्या झेंडूच्या माळेखाली ते बुडखे बघवत नव्हते. एकदोनदा मनात आलं, टाकी काढून टाकावी, त्या जागी बाकडं येईल. मग दुपार व्हायची आणि मी दिवा लावायचो.

थंडी पडली तशी झाडं हळूहळू वर यायला लागली. प्रत्येक बुडख्याला दोन फुटवे, त्यांना पुढं आणखी. मेथीनं वाळूची वाट दोन्ही अंगांनी धरली. लाली रंगावर आली. संक्रांत उलटून गेली आणि एका दुपारी दिवा लावल्यावर माझ्या ध्यानात आलं की टाकी भरली आहे. नुसती भरली नव्हती, इतकी दाट ती कधीच नव्हती. मासे त्यातून आत-बाहेर करत होते. मी पाठीमागं वळून तिला सांगणार होतो. वळलोसुद्धा.

संपत फौजी माघात सुट्टीवर आला होता. परत जायच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणं दुकानात आला. शालन गेली तेव्हा तो तिकडं होता, म्हणून आधी दोन शब्द बोलला, मग खुर्चीत बसला. आरशातून त्याला टाकी दिसत होती.

"मामींची टाकी झक्कास झालीय की ओ."

"झालीय."

"कोण बघतंय आता?"

"कोण न्हाई. आपोआप वाढलीय."

"मग बरं हाय."

मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. त्याला विचारायची गरज नव्हती, पण सवयीनं तोंडातून गेलं, "परत कवा?"

"आता पावसाळा तरी उजाडंल, मामा. वर बर्फात पाठवायला लागल्यात. तिथं कुठला न्हावी आणि कुठली खुर्ची. पार बुडातनं काढा." तो डोळे मिटून मागं टेकला. "मधी कुणी हात लावला न्हाई तरी चालंल, असं करा."

मी मशीन उचललं. त्याच्या कानाच्या वर टेकवलं. आणि माझा हात तिथंच थांबला.

मधी कुणी हात लावला नाही तरी चालेल, असं. वाळूच्या वर दोन बोटं. शेंडे परत रोवायचे नाहीत, म्हणजे लवकर दाटणार नाही. दिवा तीन-चार तासच, म्हणजे दमानं वाढेल. दोन्ही बाजू एकदम. पंधरा दिवसांनी येणारा माणूस असं कधी कापत नाही. दहा-बारा दिवसांत घरी येणारी बाई असं कधी कापत नाही.

"मामा?" संपतनं डोळे उघडले. "बरं वाटंना का?"

"न्हाई. बस तू."

त्याची हजामत मी पूर्ण केली. चांगली केली. तो पैसे ठेवून, पायाला हात लावून गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि उज्ज्वलाला फोन लावला.

"उज्जी, एक इचारतो. तुझ्या आईला म्हाईत होतं का?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तिनं गॅस बंद केल्याचा आवाज.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हाईत होतं का तेवढं सांग."

"होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "रिपोर्ट आला तेव्हाच तिनं डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, ऑपरेशन करू, पण फार भरवसा धरू नका. मला शपथ घातली तिनं. बाबांना सांगायचं नाही म्हणाली."

"का पण? मी काय परका होतो?"

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणाली, त्यांना कळलं तर ते माझ्याशी गोड बोलायला लागतील. मला त्याची सवय न्हाई. जाईस्तोवर त्यांनी माझ्याशी नीट भांडायला पायजे."

मी फोन ठेवला. मी नीट भांडलो होतो. त्या सोमवारी मी तिला हवं होतं तेच दिलं होतं, हे कळूनही मला बरं वाटलं नाही. मी टाकीसमोरच्या बाकावर बसून राहिलो. तिला माहीत होतं की ती येणार नाही. तिला हेही माहीत होतं की मी शिकलेलो नाही, आणि ती गेल्यावर बरेच दिवस माझा हात त्या कात्रीकडं जाणार नाही. म्हणून तिनं स्वतःच्या हातानं तेवढे दिवस मला काढून दिले होते. दुखत्या पोटानं, कोपरापर्यंत पाण्यात हात घालून. आणि मी तिला म्हणालो होतो, पेठेतला कुठलाबी न्हावी असं करायचा न्हाई.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. पुढच्या सोमवारी मी काय केलं तेवढं सांगून थांबतो.

शटर अर्धं वर केलं. बाहीची घडी कोपरापर्यंत घातली आणि खिळ्यावरची कात्री काढली. मुठीला तिनं गुंडाळलेली चिंधी तशीच होती. पाण्यात हात घातला तर पाणी थंड. बाहेरून कात्री एका जागी दिसते आणि आत ती दुसरीकडंच असते, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर कात्री चालवलेल्या माझ्या हाताला झाडाचा एक शेंडा नेमका सापडेना. पहिले दोन-तीन काप वेडेवाकडे गेले. मग मी बघणं सोडलं आणि बोटानं पेर चाचपून, त्याच्या जरा वर कापायला लागलो.

डाव्या अंगाची लाली बाजूला सारली तेव्हा खाली, वाळूच्या जवळ, जुने बुडखे दिसले. प्रत्येकाच्या डोक्यावर तिचा काप होता, तिरका, एका दमात मारलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुटवे. मी एकावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. एक मासा येऊन माझ्या मनगटाला टोचून गेला.

मग मी त्या कापांच्या चांगलं चार बोटं वर कापलं. शेंडे गोळा केले, पाट घेऊन बसलो, खालची पानं खुडली आणि चिमट्यानं एकेक वाळूत परत रोवला. चार-पाच सुटून वर तरंगले, ते पुन्हा रोवले. उजवी बाजू तशीच ठेवली. ती पंधरा दिवसांनी कापायची होती, आणि मी इथंच असणार होतो.